नाटकाच्या रात्री सून कुठे असते?

आदरणीय ताई,

मी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावची सून. वय 29. बी.ए., बी.एड. झालं आहे, सध्या गावातच मुलांच्या शिकवण्या घेते. लग्नाला सहा वर्षं झाली, चार वर्षांचा मुलगा आहे.

आमच्या गावात दरवर्षी संक्रांतीच्या आगेमागे नाटक असतं. पूर्वी शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, निमित्ताने व्हायचं. मध्ये पट बंद झाला तरी नाटक चालूच राहिलं. आमचे मिस्टर नाट्यमंडळाचे सचिव आहेत. त्या दिवशी घरी वीस-पंचवीस पाहुणे येतात. मी आणि सासूबाई दुपारपासून चुलीपाशी. शेवटची पंगत उठते तेव्हा साडेअकरा झालेले असतात, त्यानंतर भांडी. सहा वर्षांत गावचं एकही नाटक मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेलं नाही. भांडी घासता घासता लाऊडस्पीकरवरून ऐकते.

गेल्या वर्षी त्याच रात्री शेजारच्या गावातही नाटक होतं. आमची तिकिटं खपली नाहीत. नाटक कंपनीचे राहिलेले पैसे द्यायला मिस्टरांनी धान विकून आलेले 23 हजार रुपये घातले, मला न विचारता. ते अजून परत आलेले नाहीत. धाकटे दीर म्हणतात, नाटक सोडा, डान्स हंगामा आणा, तीन तासांत मोकळे. मिस्टर म्हणतात, नाटक ही गावाची संस्कृती आहे, ती बंद पडली तर गाव मेलं. ताई, त्यांची संस्कृती असेल, माझ्या वाट्याला भांडीच येतात.

यंदा मी ठामपणे सांगणार आहे की नाटक नको. पण सांगायला गेलं की जीव कचरतो. कारण लहानपणी माहेरच्या नाटकाला मीच पुढे जागा धरून रात्रभर बसायची. मी चुकते आहे का?

एक सून

*

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा गप्प झाले. झाडीपट्टीच्या नाटकांवर गौरवाचे पुष्कळ लेख माझ्या वाचनात आले आहेत. भांडी त्यांतल्या एकातही नव्हती.

मी काही तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते. मी साकोलीकडची, आणि माझं लग्न नाटकात जमलं. मामाच्या गावी नाटक होतं, मॅट्रिक होऊन मी घरी बसले होते. मंडपात मी नाटक पाहत होते आणि एक बाई मला पाहत होत्या. सकाळी चहाच्या वेळेला त्या मामाच्या ओसरीवर हजर. महिनाभरात सुपारी फुटली. ही गोष्ट मी शंभरदा सांगितली असेल, आता नातवंडांना सांगते. खलनायकाची मिशी ऐन भांडणात कशी गळून पडली, हेसुद्धा त्यात येतं. तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदाच मनात आलं, त्या रात्री माझी मामी कुठे होती? सकाळी त्या बाईंना चहा कोणी दिला? मामीने ते नाटक पाहिलं होतं का, मला माहीत नाही. तिला कोणी विचारलं नाही, आणि आता विचारायला ती नाही.

तर तू चुकत नाहीस. पण यंदा "नाटक नको" असं सांगणार असशील तर जरा थांब. तुला जे नको झालंय ते नाटक नाही.

हे सदर पुण्या-मुंबईचे लोकही वाचतात, त्यांच्यासाठी थोडं सांगते, तू हा भाग वाचला नाहीस तरी चालेल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांतला धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. दिवाळी झाली, धान कापून पुंजणे, म्हणजे पेंढ्यांच्या राशी, लागले की इथे नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो होळीच्या आसपास ओसरतो. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, ही या व्यवसायाची पेठ. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथे आहेत. गावोगावची मंडळं तिथे जाऊन नाटक ठरवतात, इसार देतात, तारीख घेतात. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो तो कोंबडं आरवेपर्यंत. बसायची जमीन स्टेजकडे उतरती खणलेली, ऑर्गन-तबलेवाले स्टेजच्या पुढ्यात, माईक वरून लोंबकळणारे, आणि आपलं वाक्य आलं की नट त्या माईकखाली येऊन उभा राहतो. शहरातल्या पाहुण्याला हे बघून हसू येतं. ते साधारण दुसऱ्या अंकापर्यंत टिकतं. त्यानंतर तोही डोळे पुसत असतो.

आता तुझ्या मिस्टरांकडे वळते. "नाटक बंद पडलं तर गाव मेलं" हे वाक्य जरा नाटकीच आहे, सचिवाला शोभतं. पण त्यात निम्मं खरं आहे, आणि ते निम्मं काय हे त्यांनाही नीट सांगता येत नसावं, म्हणून ते "संस्कृती" म्हणून मोकळे होतात. मी सांगून पाहते.

शंकरपटाचं तू लिहिलंस, तिथूनच धर. बैलांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली बंदी घातली, महाराष्ट्रात त्या पुन्हा सुरू झाल्या डिसेंबर 2021 मध्ये. सात-साडेसात वर्षं. पटासाठी लोक येतात आणि आलेच आहेत म्हणून रात्री नाटक पाहतात, असं सगळे समजत होते. पट बंद झाला आणि लोक तरीही आले. नाटकही फारसं बदललं नव्हतं; तोच गरीब पण मानी बाप, तोच बिघडलेला थोरला मुलगा, तीच सोशिक सून. मग लोक येत कशासाठी होते?

एकमेकांसाठी, पोरी. आपल्याकडे मोकळेपणाने बोलवायला निमित्त लागतं. लग्नाला जायचं तर आहेर लागतो, तेरवीला जायचं तर कोणीतरी मरावं लागतं. नाटक एकच असं आहे की "या, आमच्या गावी नाटक आहे" एवढं सांगितलं की पुरतं. भावाभावांत वाटणीवरून अबोला असला तरी नाटकाला बहिणीकडे दोघंही येतात, आणि एकाच अंथरलेल्या पोत्यावर रात्रभर बसतात. बोलतात की नाही ते वेगळं. लेकी माहेरी येतात. जावयाला मान मिळतो आणि त्याची परीक्षाही होते. लग्नाची मुलगी दहा गावच्या लोकांच्या नजरेस पडते, मुलगाही पडतो, आणि "बघायला आलोय" असं कोणाला म्हणावं लागत नाही, नकार आला तरी कोणाचा अपमान होत नाही. भंडारा-गोंदियाकडे मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावच्या जत्रेलाही हेच चालतं. दिवाळीनंतर बघणं, उन्हाळ्यात लगीन, मधला सगळा हिशेब नाटकाच्या हंगामात जमतो.

2020 ची दिवाळी आठव. कोरोनामुळे त्या हंगामात बहुतेक गावांत मंडपच पडला नाही. आमच्या घरात तेव्हा भांडी कमी होती, हे कबूल. पण माझी धाकटी नणंद त्या वर्षी आली नाही. तिला बोलवायचं तर काय म्हणून बोलवणार? पुढच्या हंगामापर्यंत ती राहिली नाही. याचा दोष मी नाटक न झाल्यावर टाकत नाही. नाटक झालं असतं तर ती आली असती, एवढंच म्हणते.

दुसरी एक गोष्ट आहे आणि ती खास आपल्या बायकांची आहे. नाटकाने माणसं सुधारतात असं काहीजण भाषणात सांगतात. माझा त्यावर विश्वास नाही. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी, चंद्रपुरात 2015 ते 2021 होती, आणि दारूने उद्ध्वस्त झालेल्या घराचं नाटक या पट्ट्यात कायम गर्दी खेचतं. बाप दारू पिऊन पोराला मारतो त्या प्रवेशाला रडणाऱ्या पुरुषांपैकी काहींच्या तोंडाला तोच वास मी स्वतः घेतलेला आहे. नाटक पाहून एखाद्याने दारू सोडली, असं मी तरी पाहिलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी बोरिंगवर काय होतं ते मी पाहिलं आहे. बाया पाण्याला येतात आणि बोलणं सुरू होतं ते नाटकातल्या सुनेचं. "तिनं तवाच माहेरी निघून जायला पाहिजे होतं." "कशी जाणार? बाप मेलेला." "मग दागिने तरी कशाला दिले काढून?" ऐकणाऱ्याला वाटेल या नाटकावर बोलताहेत. यातली कोण कोणाविषयी बोलते आहे हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक असतं. घरचं बाहेर काढायचं नाही, असं आपल्याला शिकवलेलं. नाटकातल्या बाईचं काढायला मात्र कोणाची मनाई नाही. दागिने देऊन बसलेली बाई तिथे दुसरीच्या नावाने सल्ला विचारून जाते आणि तिला तो मिळतोही. नाटक संपल्यावरही पंधरा-वीस दिवस हे चालतं.

आणि त्या बोरिंगवर तू सहा वर्षं गप्प उभी आहेस, कारण तू नाटक पाहिलेलंच नाही. तुझ्या पत्रातला सगळ्यात मोठा तोटा मला हा वाटतो, 23 हजारांहूनही मोठा.

म्हणून डान्स हंगाम्याचं थोडक्यात. दिरांना वाईट म्हणू नकोस, ते हिशेबी आहेत आणि तीन तासांत मोकळं होण्याची इच्छा तुझीही आहेच. त्या कार्यक्रमाच्या नावाखाली काही ठिकाणी काय चालतं आणि मग पोलीस कसे येतात, हे पेपरात येऊन गेलंय, तो मुद्दा तूर्त बाजूला ठेव. माझं म्हणणं एवढंच की हंगाम्याला कोणी बहिणीला बोलावत नाही. तिथे लेकी येणार नाहीत, तिथल्या गाण्यावर दुसऱ्या दिवशी बोरिंगवर कोणी बोलणार नाही. भांडी वाचतील, हे खरं. पण ती वाचतील कारण घर रिकामं असेल.

आता चुलीकडे येऊ.

2023 साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. गडचिरोलीचा हा नट, 800 वेगवेगळ्या भूमिका आणि 5 हजारांहून जास्त प्रयोग. आपल्या सगळ्यांची मान उंचावली, माझीही. पण तुझ्या पत्राच्या उजेडात हा आकडा जरा उलगडून पाहा. 5 हजार प्रयोग म्हणजे गावांच्या 5 हजार रात्री. प्रत्येक गावात, कमी धरली तरी, शंभर घरं पाहुण्यांची. प्रत्येक घरात एक चूल आणि तिच्यापाशी दोन बाया. एकट्या एका नटाच्या हयातीत किती पंगती उठल्या असतील! कंपनीच्या करारात नट येतात, वाजवणारे येतात, पडदे येतात. मंडळाच्या वहीत मंडप, वीज, जनरेटर, पोस्टर, पाहुण्यांचे हारसुद्धा येतात. घरची पंगत कुठल्याच वहीत नाही. नाटकाचा सगळ्यात मोठा खर्च बायका करतात आणि तो खर्च धरलाच जात नाही, म्हणून पुरुषांना नाटक स्वस्त वाटतं.

तेव्हा मिस्टरांशी बोलशील तेव्हा "नाटक नको" पासून सुरू करू नकोस. ते लगेच संस्कृतीवर येतील आणि तू संस्कृतीच्या विरोधातली सून ठरशील. वही घेऊन बस. तू शिकवण्या घेतेस, आकडेमोड तुला नवीन नाही. गेल्या वर्षी घरी किती माणसं जेवली, किती तांदूळ, किती तेल, मटण केलं असेल तर किती किलो, लिहून काढ. खाली तुझे आणि सासूबाईंचे तास लिही. हा कागद त्यांच्यासमोर ठेव आणि म्हण, नाटक व्हावंच, पण हे मंडळाच्या जमाखर्चात कुठे लिहायचं ते सांगा. बहुतेक ते गप्प बसतील. बसू दे. त्यांनी एकदा तो आकडा पाहिला पाहिजे, एवढंच पहिल्या दिवशी पुरे.

त्या 23 हजारांची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे मी कडक आहे. 2024-25 च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला 2300 रुपये होता. म्हणजे तुमचं 10 क्विंटल धान नाटकात गेलं. रोवणीच्या चिखलात तूही उभी होतीस ना? मग ते विचारल्याशिवाय देण्याचा अधिकार एकट्या सचिवाला नव्हता, नवरा असला तरी. हे त्यांना शांतपणे पण एकदाच, नीट सांग. आणि मंडळाकडून ते पैसे परत कसे आणि केव्हा मिळणार, हे यंदाचं नाटक ठरायच्या आधी बैठकीत लिहून घ्यायला लाव. तोटा झाला तर तो सभासदांत वाटून घ्यायचा, एकाच्या पुंजण्यातून भरायचा नाही, हा ठराव इसार देण्याआधी झाला पाहिजे. पावसाने नाटक बुडालं तर काय, कंपनीशी तारीख बदलता येते का, हेही आधीच विचारलेलं बरं.

तोटा का झाला, हे तू स्वतःच लिहिलं आहेस: त्याच रात्री शेजारी नाटक. हा आपल्याकडचा जुना रोग. कधी दोन गावांत, कधी एकाच गावात दोन मंडळं, दोन मंडप, एका टोकाला एक बाप रडतोय आणि दुसऱ्या टोकाला दुसरा. कारण विचारावं तर सरपंचपदाची निवडणूक निघते. आता मोबाईलच्या जमान्यात पाच-सात गावच्या सचिवांनी दिवाळीतच एका ठिकाणी चहा घेऊन तारखा वाटून घेतल्या तर कोणाचा मान जाणार आहे? मिस्टरांना हे काम दे. सचिव माणसाला पुढाकार आवडतो. आणि फुकट पास! वर्गणी दिलेले, न दिलेले, उद्घाटनाला येणारे, त्यांच्यासोबत येणारे. कोणाला किती पास दिले हे तिकिटांच्या हिशेबाशेजारी लिहिलं आणि नाटकानंतर आठ दिवसांत मंदिरात वाचून दाखवलं, की पुढच्या वर्षी निम्मे आपोआप कमी होतात. उद्घाटनाच्या भाषणांवरही मला बोलायचं होतं, पण त्यांच्या देणगीवर मंडप उभा राहतो हे मलाही कळतं. दोन जणांनी पाच-पाच मिनिटं बोलावं, एवढंच मागते. मुलं झोपून जातात.

जेवणाचं काय करायचं? एक गाव मला माहीत आहे, नाव सांगत नाही, तिथे तीन वर्षांपासून नाटकाच्या संध्याकाळी समाजमंदिरापुढे एकच मोठी चूल पेटते. भात, वांग्याची भाजी, वरण, एक गोड. घरटी तांदूळ आणि पैसे आधी गोळा होतात, आचारी पुरुष, वाढपी गावची पोरं. सगळे पाहुणे तिथेच जेवतात आणि साडेनऊला पंगती आटोपतात. पहिल्या वर्षी फार कुरबुर झाली. "जावयाला काय पंगतीत बसवायचं?" म्हणून तीन घरांनी आपली चूल वेगळी पेटवली. दुसऱ्या वर्षी एकाच घराने. जावयाला विचारलं कोणी नव्हतं. तो बिचारा पंगतीत सुखाने जेवत होता.

तुमच्या गावात एवढं एकदम होणार नाही. मग निदान घरात तरी कर. दिवस मावळायच्या आत स्वयंपाक संपेल असा बेत ठरव: वडे-मटणाचा हट्ट दुसऱ्या दिवशी दुपारी, रात्री एकच भाजी-भात. साडेनऊनंतर येणाऱ्याने हाताने वाढून घ्यायचं. भांडी रात्री घासायची नाहीत, टोपात पाणी घालून ठेवायची आणि सकाळी ज्या पुरुषांनी झोपेतच "चहा" म्हटलं त्यांना आधी त्या टोपाकडे पाठवायचं. यात सासूबाई विरोध करतील असं तुला वाटत असेल. मला तसं वाटत नाही. तू सहा वर्षं नाटक पाहिलं नाहीस, त्यांनी किती वर्षं पाहिलं नाही? एकदा विचार त्यांना, दुपारी धान निवडताना, एकटीच असताना. शेवटचं कोणतं नाटक पुरतं पाहिलं, आई? उत्तर ऐकून मग काय ते ठरव. मला वाटतं, तुला घरातच जोडीदारीण मिळेल.

एक सावधगिरी. हे सगळं कानावर गेलं की कोणीतरी हुशार माणूस सुचवेल, बचत गटाच्या बायांना मंडपाबाहेर चहा-भज्यांचा स्टॉल लावू द्या, बायांना कमाई होईल. कमाई होईलच, ज्या बाईला हवी असेल तिने जरूर लावावा. पण तुझ्यापुरतं सांगते, नाटकाच्या रात्री घरातली चूल सोडून मंडपाबाहेरच्या चुलीपाशी उभं राहायचं असेल तर तू जिथे होतीस तिथेच आहेस, फक्त आवाज जवळून ऐकू येईल.

आणखी एक बाई आहे, तिचाही विचार मनात येतो. एके काळी गावची पोरंच नाटक बसवायची, मिशी काढून कोणीतरी लुगडं नेसायचा. माझा थोरला भाऊ दोन वर्षं सून झाला होता आणि फार छान रडायचा. मग बाहेरून नटी आणायला लागले, मग अख्खी कंपनीच आली. आता स्टेजवर जी सोशिक सून उभी असते ती बाई हंगामभर रोज नव्या गावी, रोज रात्र जागून, दिवसा बसमध्ये झोप काढून पोट भरते. तिचं लेकरू कुठेतरी आजीकडे असतं. तिला आपण तिच्या तोंडावर काय म्हणतो आणि पाठीमागे काय म्हणतो, ते तुला माहीत आहे. मंडळाच्या बैठकीत तुझ्या मिस्टरांमार्फत एवढं विचार: यंदा या बायांना कपडे बदलायला दाराला कडी असलेली खोली आणि स्वच्छ संडास कुठे देणार? शाळेची खोली मिळू शकते. हे काम तू उचलायला नको, नुसतं विचारलंस तरी कोणीतरी उचलेल, कारण उत्तर नसणं लाजिरवाणं आहे.

आता शेवटचं, थोडं बोचणारं. तू लिहिलंस, लहानपणी माहेरी तू पुढे जागा धरून रात्रभर नाटक पाहायचीस. तेव्हा तुझी आई कुठे असायची? आणि आता माहेरच्या नाटकाला तू जातेस, पाहुणी म्हणून, लेकराला घेऊन, त्या रात्री तुझी वहिनी कुठे असते? मी माझ्या मामीविषयी विचारलं नव्हतं. तुझ्या हातात अजून वेळ आहे. यंदा माहेरी गेलीस की दुसऱ्या अंकाला उठ, घरी जा, वहिनीच्या हातातला झारा घे आणि तिला म्हण, जा, माझी जागा धरलेली आहे, बायकांच्या बाजूला, पेटीवाल्याच्या जवळ.

सासरी मात्र तुझी जागा संध्याकाळीच धर. सहा वाजता मुलाच्या हाती सतरंजी देऊन पाठव. जागा धरून ठेवली की घरातून उठायला कारण मिळतं. थंडी असते, शाल ने. मुलगा झोपेल, झोपू दे.

आणि नाटक झालं की मला पत्र लिही. सासूबाई कोणत्या प्रवेशाला रडल्या आणि खलनायक पहाटे चारला कसा मेला, दोन्ही सविस्तर हवं आहे. आमच्या वेळचा गाणं म्हणून मेला होता, आणि लोकांनी वन्समोअर दिला म्हणून उठून पुन्हा.

तुझी,
ताई